एका फुटात सोळा चौकटी

पहाटे ४.४५
नळाला पाणी आलंय. वाशिंदला या आळीत ते एक दिवसाआड येतं, आणि आलं की साडेपाचपर्यंत भरून घ्यायचं. काका लुंगी वर खोचून दोन निळे ड्रम, चार हंडे, एक टब असं भरत सुटतात. मे महिना संपत आलाय. भातसा धरण याच तालुक्यात आहे. तिथलं पाणी काकांच्या नळाआधी मुंबईला पोचतं. याबद्दल काका काही बोलत नाहीत. नळी पुढच्या हंड्यात टाकतात.

आत काकूंनी तवा ठेवलाय. तांदळाच्या तीन भाकऱ्या, जवळ्याची सुकी चटणी, आणि वेगळ्या डबीत कांदा. कांदा वेगळाच हवा. काका जिथं काम करतात तिथं वासाला फार महत्त्व आहे. डब्यातला कांदा फुटला की दिवसभर नाक बिघडतं म्हणे.

काकांचं वय अठ्ठावन्न. मुंबईतल्या एका फिल्म लॅबमध्ये तेवीस वर्षं चेकर होते. थिएटरं डिजिटल झाली, प्रिंट काढायच्या बंद झाल्या, लॅबही बंद पडली. मग चार वर्षं एका गोदामात हमालांची हजेरी घेतली. आता पुन्हा फिल्मच तपासतात, पण जुनी. ग्रँट रोडला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. लोकांच्या माळ्यावर, गोठ्यात, बंद थिएटरांत सापडलेली रिळं तिथं येतात. काकांना दिवसाचे हजार रुपये मिळतात. गेलं तर. खाडा झाला तर नाही.

सकाळी ६.३५
वाशिंद स्टेशन. कसाऱ्याहून येणारी गाडी. फलाटाच्या पुढच्या टोकाला ठाकूर-कातकरी बाया करवंदांच्या आणि जांभळांच्या पाट्या घेऊन उभ्या आहेत. वर पळसाची पानं झाकलेली. त्या मालडब्यात चढतात, काका आणि आज त्यांच्याबरोबर निघालेला मी मधल्या डब्यात. आसनगावला चढलेल्या एकाने रुमाल टाकून काकांची जागा धरलेली असते. रोजचं आहे. त्याच्या बदल्यात परतीला काका दादरला त्याच्यासाठी पिशवी ठेवतात.

खडवली गेलं, टिटवाळा आलं, आता उभ्या माणसालाही जागा नाही. मी काकांना विचारत होतो तो विषय तिथंच पुन्हा निघतो. ‘सावकारी पाश’.

१९२५ सालचा मूकपट. कोल्हापूरची महाराष्ट्र फिल्म कंपनी, दिग्दर्शक बाबूराव पेंटर, कथा नारायण हरी आपट्यांची. शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते आणि तो शहरात येऊन गिरणीत कामाला लागतो. तरुण शेतकरी झाला होता व्ही. शांताराम. तेव्हा देवदेवतांचे आणि ऐतिहासिक सिनेमे चालत होते, त्यात हा असा. धंदा झाला नाही. बाबूराव पुन्हा पोशाखी चित्रपटांकडे वळले. पुढे १९३६ साली त्यांनीच हीच गोष्ट बोलपटात केली. पंचवीस सालचा मूकपट मात्र आज बघायला मिळत नाही. पुस्तकात नाव आहे, दोन-चार फोटो आहेत, रीळ नाही.

मी हे सगळं जरा रंगवून सांगतो. काका शांतपणे ऐकतात. शहाड गेल्यावर एकच प्रश्न विचारतात.

“नायट्रेटच ना?”

“नायट्रेटच असणार.”

“मग अवघड आहे. सडते, पेटते ती फिल्म.”

सकाळी ८.०५
दादर. पूल चढून पश्चिम रेल्वेकडे. पुलावर करवंदवाल्या बाया आमच्या आधी पोचून बसल्याही आहेत. द्रोणाला वीस रुपये. काका घेत नाहीत. “आमच्या कुंपणाला लागतात ती. विकत कशाला?”

सकाळी ८.५०
ग्रँट रोड. स्टेशनबाहेर कटिंग, दहा रुपये. वडापाव वीस. महिन्याचा हिशेब काकांनी केव्हाच मांडलाय: सकाळी वडापाव घेतला तर महिन्याला पाचशे जातात, म्हणून तो फक्त सोमवारी. आज शुक्रवार. चहावर भागतं.

सकाळी ९.१०
चपला बाहेर. हात साबणाने धुवून कोरडे करायचे. मग पांढरे सुती हातमोजे. दोन जोड्या, एक हातात, एक खिशात. मोजा मळला की बदलायचा. संध्याकाळी घरी नेऊन काकूच धुतात.

खोलीत एसी आहे आणि एक ओलावा खेचणारं यंत्र. त्याची टाकी रात्रीत भरते. पहिलं काम ती मोरीत ओतायची. मुंबईच्या हवेतून एका रात्रीत खोलीभर पसरलेलं चांगलं दोन-तीन तांबे पाणी निघतं. फिल्मला हेच बाधतं. ओल आणि उकाडा.

भिंतीला टेबल. टेबलाच्या दोन टोकांना रिवाइंडर, हाताने फिरवायचे. मध्ये दुधी काचेखाली दिवा. उजव्या हाताला भिंग, जोड मारायचं यंत्र, कात्री, चिकटपट्टीचा रोल, मऊ ब्रश, मखमलीचा तुकडा. एक पितळी मोजपट्टी आहे, तिच्यावर फिल्मची भोकं बसवून बघायची. फिल्म जुनी झाली की आटते. भोकं पट्टीच्या खुंट्यांना जुळेनाशी झाली की समजायचं ही प्रोजेक्टरवर चढवायची नाही, फाटेल.

सकाळी ९.३०
काल डब्यांत ठेवलेल्या कागदी पट्ट्या बघायच्या. निळी पट्टी डब्यात फिल्मसोबत दिवसभर ठेवतात. आतली फिल्म आंबायला लागली असेल तर पट्टी हिरवी होते, जास्त असेल तर पिवळी. काका पट्टी काढायच्या आधीच डबा नाकाजवळ धरतात.

“हिरवी.”

झाकण उघडतं. पट्टी हिरवी.

पुढचा. “ही गेली, पिवळी.” पिवळीच. त्या डब्यातून शिरक्याचा वास खोलीभर पसरतो. बरोबरच्या मुलीने डोळे चोळले. ती पंचवीसची असेल, संगणकावर नोंदी करते, काकांना ‘सर’ म्हणते. काकांना ते आवडत नाही आणि सवयही होत नाही. पिवळा डबा वेगळ्या कपाटात. एका आंबलेल्या रिळामुळे शेजारची लवकर बिघडतात.

सकाळी १०.१५
आता आजचं खरं काम. घाटावरच्या एका तंबूथिएटरच्या मालकाच्या घरच्यांनी नऊ डबे दिलेत. पत्र्याचे, गंजलेले. त्यातल्या एकावर पांढऱ्या ऑइलपेंटने कुणीतरी लिहिलंय: ‘मुका’.

हा डबा आल्यापासून खोलीत सगळे हळू बोलतायत. कारण सरळ आहे. भारतात तेराशेच्या वर मूकपट झाले आणि आज त्यातले तीसही शिल्लक नाहीत. जे आहेत त्यातलेही काही नुसते तुकडे. दादासाहेब फाळक्यांची काही रिळं पी. के. नायर यांनी खटपट करून पुण्याच्या फिल्म अर्काइव्हसाठी मिळवली, म्हणून ‘कालिया मर्दन’मधली फाळक्यांची मुलगी आज आपल्याला दिसते. असं एखादं रीळ आपल्या टेबलावर यावं असं इथं कुणाला वाटत नाही?

काकांना वाटत नाही. निदान दाखवत नाहीत. ते स्क्रूड्रायव्हरने झाकणाच्या कडेने गोल फिरतात. एका ठिकाणी जोर लावला तर पत्रा आत दाबला जाईल आणि फिल्मला खरचटेल. म्हणून थोडं इथं, थोडं तिथं. गंजाचा भुगा खाली वर्तमानपत्रावर पडतो. पाच-सात मिनिटं जातात. मुलगी मोबाइल धरून उभी.

झाकण सुटलं. काका नाक जवळ नेतात. थांबतात.

“नायट्रेट नाही.”

“वासावरून?”

“नायट्रेट सडलं की घाणेरड्या मोज्यांसारखा वास येतो. आधी पिवळट पडतं, मग चिकट होतं, वर फेस धरतं, मग सगळं रीळ एक ढेकूळ होतं. शेवटी तपकिरी भुकटी. ती तर नुसत्या उन्हाच्या उकाड्यानेही पेट घेईल. आणि पेटलं तर विझत नाही, पाण्याखालीसुद्धा जळतं. त्याला बाहेरची हवा लागत नाही.” २००३ साली पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला आग लागली, शेकडो सिनेमांची रिळं गेली, ती बातमी काकांनी लॅबमध्ये असताना ऐकली होती. त्या दिवशी लॅबमध्ये कुणी विडी ओढली नव्हती.

रीळ उचलून डाव्या रिवाइंडरवर. टोकाचे सात-आठ वेढे एकमेकांना चिकटलेत. काका ते ओढत नाहीत. बोटाच्या पेराने हलकेच दाबतात, सोडतात, पुन्हा दाबतात. टर्रर्र असा बारीक आवाज येत एकेक वेढा मोकळा होतो. आवाज वाढला की हात थांबतो, कारण चित्र उखडत असतं. काकांचा उजवा अंगठा वाकडा आहे, नख जाड झालंय. तेवीस वर्षं फिल्मची कड याच अंगठ्याखालून गेली. लॅबमध्ये मोजे घालत नव्हते. कडेला बारीकशी चीर असली तर ती बोटाला कळते, डोळ्याला नाही. आता मोज्यातून कळत नाही अशी त्यांची तक्रार आहे. मग मध्येच इकडे तिकडे बघून उजव्या हाताचा मोजा काढतात, कड तपासतात, पुन्हा घालतात. मुलगी बघते आणि नोंदीत लिहीत नाही.

सकाळी ११.०५
चौदा फूट मोकळे झाले. दिव्यावर धरलं.

कडेला बारीक अक्षरांत छापलंय: सेफ्टी. म्हणजे न पेटणारी फिल्म. ३५ मिलिमीटरमध्ये कोडॅकने ही सर्रास द्यायला सुरुवात केली ती १९४८ नंतर, आणि १९५१मध्ये नायट्रेट करणंच बंद केलं. अक्षरांपुढे कंपनीची खूणही आहे. या खुणा वर्षाच्या असतात, पण दर वीस वर्षांनी त्याच पुन्हा येतात, त्यामुळे नुसती खूण बघून साल ठरवणारा फसतो. सोबत ‘सेफ्टी’ आहे की ‘नायट्रेट’ ते बघायचं.

तरीही मुलगी आशा सोडत नाही. “जुन्या मूकपटाची नंतर काढलेली कॉपी असेल.”

असू शकते. अनेक जुने सिनेमे असेच वाचलेत, नायट्रेटवरून सेफ्टीवर उतरवून. काका भिंग तिच्या हातात देतात आणि चौकटीच्या डाव्या बाजूला बोट ठेवतात. चित्र आणि भोकं यांच्यामध्ये एक मोकळा पट्टा आहे, सरळ, काळा. काहीच नाही त्यात.

“इथं आवाज असतो. मूकपटात ही जागाच नसते. तिथं चित्र या भोकांपासून त्या भोकांपर्यंत भरलेलं. इथं आवाजाला जागा सोडलीय पण आवाज टाकलेला नाही. आम्ही लॅबमध्ये याला म्यूटच म्हणायचो. चित्र बरोबर आलंय का बघायला आवाजाशिवाय प्रिंट काढायचो. तंबूवाल्याने ती स्वस्तात घेतली असणार. डब्यावर काय लिहिणार? मुका.”

मोबाइल खाली. कुणीतरी चहा सांगितला.

माझ्या मनात सगळ्यात जास्त पडझड झाली हे मान्य करायला हवं. काकांचा हात मात्र रिवाइंडरवरून हललेला नाही. मूकपट नसला म्हणून रीळ तपासायचं थोडंच राहतं.

दुपारी १२.००
त्याच रिळावर. डाव्या हाताने फिल्म हलकी दाबून धरायची, उजव्याने हळूहळू फिरवायची. एका फुटात सोळा चौकटी. प्रत्येक चौकटीला एका बाजूला चार भोकं. फाटलेलं भोक दिसलं की थांबा. चिकटपट्टी चौकटीच्या रेषेवर बसवा, यंत्राने भोकं पाडा, दाबा. जुना जोड सुटलेला असेल तर पुन्हा मारा. काका पुटपुटत मोजतात, मुलगी लिहिते: “फूट एकशे बारा, उजवी कड, तीन भोकं. एकशे तीस, जोड. एकशे एकतीस, जोड. हा ऑपरेटर घाईतला होता.”

चित्रात एक बाई विहिरीवर. मग दोन बैल. मग एक माणूस बराच वेळ हातवारे करून बोलतोय. कुठला सिनेमा आहे, कळत नाही. काका चेहरे बघतच नाहीत. त्यांना नट ओळखायला सांगा, जमणार नाही. प्रिंट कुठल्या लॅबची आहे ते विचारा.

हजार फुटांचं रीळ मूकपटाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सोळा चौकटी, चालवलं तर साधारण सतरा मिनिटं चालतं. बोलपटाच्या चोवीसच्या वेगाने अकरा. काकांच्या टेबलावर त्याला दीड-दोन तास लागतात. बरं असेल तर.

दुपारी १.२०
जेवण जिन्यात. खोलीत डबा उघडायचा नाही. काका अर्धी भाकरी माझ्यापुढे करतात, मी माझी पोळी-भाजी त्यांच्यापुढे.

काकांचं मूळ गाव मुरबाडकडे, म्हशाच्या अलीकडे. वडील जत्रेतल्या तंबू सिनेमात होते. पौषातल्या म्हशाच्या जत्रेत एका बाजूला बैलबाजार, घोंगड्या, तमाशे, दुसऱ्या बाजूला तंबू. वडिलांचं काम जनरेटर ओढणं, तंबूचे खुंट ठोकणं, रिळं गुंडाळून ठेवणं. ऑपरेटर नव्हते. “ऑपरेटरला पगार होता. बापाला जेवण आणि दोन रुपये.”

“फाटकी रिळं कुठं जायची?”

“मुंबईला. किलोवर. त्याच्यात चांदी असते ना. धुतलं की चांदी वेगळी, राहिलेली पट्टी वेगळी. पट्टीच्या पर्शी व्हायच्या, बांगड्या व्हायच्या.” वडील तुकडे घरी आणायचे. भाताच्या रोपावर पाखरं बसू नयेत म्हणून काठ्यांना बांधायचे. वाऱ्यावर फडफडायचे, उन्हात चमकायचे. काका आणि त्यांची भावंडं ते तुकडे सूर्यासमोर धरून कोण दिसतं ते बघायची.

म्हणजे अनेक सिनेमे कुणी मुद्दाम नष्ट केले नाहीत. वजन करून विकले. मूकपटाच्या काळात तर प्रिंट मोजक्याच काढत, त्याच गावोगाव फिरत, झिजत. १९३१ला ‘आलम आरा’ आला, पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’, आणि मुक्या चित्राला कुणी तिकीट काढेना. डब्याला भाडं लागतं. चांदीला दर असतो.

मी पुन्हा ‘सावकारी पाश’वर येतो. त्याच्याबद्दल बोलताना लोक एक झोपडी आणि रडणारं कुत्रं हमखास सांगतात. चित्रपट दिग्दर्शक जे. बी. एच. वाडियांनी ती आठवण नोंदवली आहे: अंधुक उजेडातली भकास झोपडी, लांबून घेतलेली, आणि कुत्र्याचं विव्हळणं. पण ती आठवण १९३६च्या बोलपटाची. मूकपट त्यांनाही पुसटच आठवत होता. मुक्या सिनेमात कुत्रं ऐकू येईल कसं? तरी त्या आवाजाचं श्रेय पंचवीस सालच्या चित्राला सर्रास दिलं जातं. हरवलेल्या सिनेमाचं हे असं होतं. तो कुणाला दाखवता येत नाही, म्हणून त्याच्या नावावर काहीही जमा होतं.

काका चटणी संपवतात. “बाबूरावांनी कॅमेरा स्वतः बनवला होता ना?”

हो. सुतार-लोहाराच्या हाताने, सहकारी दामल्यांना बरोबर घेऊन. त्यावरच १९२०चा ‘सैरंध्री’. तोही गेला.

“मग कॅमेऱ्याचं हँडल हातानेच फिरवत असतील.” काका हवेत उजवा हात गोल फिरवून बघतात. रिवाइंडरला फिरतो तसाच. “सेकंदाला दोन फेऱ्या पडत असणार. दिवसभर म्हणजे खांदा गेला.”

दुपारी २.००
पुन्हा टेबल. ‘मुका’ संपला. ८७० फूट, जोड एकवीस, शेवट नाही. काका आतल्या टोकाला पांढरी कोरी फिल्म जोडतात, प्लॅस्टिकच्या चकतीवर सैल गुंडाळतात. घट्ट नाही. घट्ट गुंडाळलं की आतला वास आतच कोंडतो. पत्र्याचा डबा गेला, प्लॅस्टिकचा आला. नव्या डब्याला भोकं आहेत, हवा खेळायला. जुन्या डब्याचं ‘मुका’ लिहिलेलं झाकण मुलीने पुसून शेल्फवर ठेवलं. तेही नोंदीत गेलं.

दुपारी ३.४०
दुसरं रीळ. वृत्तपट. धरणाचं उद्घाटन, हार, भाषण. ठणठणीत. पन्नास मिनिटांत उरकलं. कुणी बघायला आलं नाही.

संध्याकाळी ५.१५
तिसऱ्या डब्यात फिल्म नव्हतीच. गोधडीचा तुकडा, दोन खिळे, तिकिटांचं अर्धं पुस्तक: जमिनीवर बसणाऱ्यांचं. काकांनी तिकीट भिंगाखाली धरलं, पहिल्यांदाच हसले. “हे ठेवा. याच्यावर बाप पोसला आमचा.”

संध्याकाळी ५.४५
मोजे पिशवीत. टेबल कोरड्या फडक्याने. दिवा बंद, एसी चालू, यंत्राची रिकामी टाकी परत जागेवर. वहीत सही. आठवड्याचे पैसे शुक्रवारी: पाच दिवसांचे पाच हजार. काका नोटा मोजतात, चार हजार आतल्या खिशात, एक बाहेरच्या. लॅबमध्ये पीएफ होता, दिवाळीला बोनस होता. इथं दोन्ही नाहीत. “पण इथं काम आवडतं म्हणून विचारतात. तिथं कुणी विचारलं नाही,” असं म्हणून मग लगेच, “विचारण्याने गॅस येत नाही म्हणा.”

संध्याकाळी ६.५०
दादर. कसारा लोकल. काका आधी शिरतात, आसनगाववाल्यासाठी पिशवी ठेवतात. डब्यात घाम, लसूण, कुणाच्या तरी पायातल्या मोज्यांचा वास. काका नाक वर करून माझ्याकडे बघतात.

“नायट्रेट.”

कल्याणला अर्धा डबा रिकामा. पुढं अंधार, मोबाइलचे उजेड. काकांचा पुतण्या वाशिंदच्या पोलादाच्या कारखान्यात कंत्राटावर आहे. त्याची दुसरी पाळी रात्री अकराला सुटते, त्याच्याशी फोनवर बोलणं होतं. मुरबाडच्या दीड एकराचं बोलणं: रविवारी राब भाजायचा, बियाणं कर्जत तीन की जाड भात, पावसाचं काय. भावाला ट्रॅक्टरवाल्याला आगाऊ द्यायचेत. बाहेरच्या खिशातले हजार तिकडे जाणार.

रात्री ८.३०
वाशिंद. स्टेशनबाहेर पाव किलो गवार, एक नारळ, गूळ. एकशे दहा. रिक्षा नको, चालत.

काकू दारातच विचारतात, “मिळालं का काय ते मुकं?”

“नाही. आवाजाची जागा रिकामी होती.”

“पैसे?”

“मिळाले.” नोटा त्यांच्या हातात जातात. मळके मोजे बादलीत. “दोन्ही जोड्या धू, उद्या गेलो तर लागतील. शनिवारचं विचारलंय, सहा डबे राहिलेत. पाणी भरलंय ना दोन्ही ड्रमात? मग उद्या सहा पस्तीसचीच धरतो.”